फळ नाही, घर भाड्याचं, तरीही झाड



गेले दोन महिने मी तीनच प्रश्नांना तोंड देतोय. हापिसात, फोनवर, आणि इथल्या मराठी मित्रांच्या घरी पावभाजी खाताना. एक, "ह्याला फळं येतात का?" दोन, "मोठं व्हायला किती वर्षं लागतात?" आणि तीन, आवाज थोडा खाली आणून, "अरे, पण घर तुझं आहे का?"

माझी उत्तरं अनुक्रमे अशी: जवळजवळ नाही. दहा. आणि नाही.

यानंतर समोरचा माणूस माझ्याकडे असा बघतो, जसं आपण टेस्टिंग न करता थेट प्रॉडक्शनवर कोड टाकणाऱ्या ट्रेनीकडे बघतो. आजचा लेख त्या नजरेच्या विरुद्ध आहे. भांडण आहे, आधीच सांगून ठेवतो.

तर प्रकरण असं. दक्षिण इंग्लंडमधल्या एका मध्यम गावात मी भाड्याच्या घरात राहतो. घरामागे पाच बाय आठ मीटरचं परस आहे. तिथे डिसेंबरात मी हेझलचं एक छोटं शोभेचं झाड लावलं. हेझल म्हणजे तेच, ज्याच्या बिया न्यूटेलात असतात आणि ज्याच्या नावाचं सिरप आपण कॉफीत घालून चाळीस रुपये जास्त देतो. माझं झाड त्याचा झुकत्या फांद्यांचा प्रकार, 'पेंड्युला'. इंग्रज लोक अशा झाडांना 'वीपिंग' म्हणतात, म्हणजे रडकं. फांद्या वर जायच्या ऐवजी कमानीसारख्या वळून जमिनीकडे येतात. आपल्याकडे सोसायटीच्या कंपाउंडला ओळीने उभा असलेला तो खोटा अशोक आठवा, त्याच्या फांद्या कशा खाली मिटलेल्या असतात. तसंच, पण छत्रीसारखं पसरलेलं आणि माणसाच्या उंचीपेक्षा थोडंच जास्त.

आता पहिला प्रश्न. फळं येतात का?

हेझलला नर आणि मादी फुलं एकाच झाडावर येतात, पण स्वतःचा पराग त्याला चालत नाही. दुसऱ्या, जुळणाऱ्या जातीचं झाड आसपास लागतं. पराग वाऱ्याने येतो, तोही ऐन जानेवारी-फेब्रुवारीत. त्याहून मजा म्हणजे पराग पोचला तरी फलन तेव्हा होतच नाही. ते चार-पाच महिने थांबून उन्हाळ्याच्या तोंडावर होतं. (रिक्वेस्ट फेब्रुवारीत, रिस्पॉन्स जूनमध्ये. आमच्या एका क्लायंटची आठवण होते.) एवढं सगळं जमून चार बिया धरल्याच, तर त्या इथल्या राखाडी खारी माझ्या आधी नेणार. तेव्हा फळाचा हिशेब शून्य धरा.

"मग उपयोग काय?"

हा तो प्रश्न! आपल्या मराठी मध्यमवर्गाने जगाला दिलेला प्रश्न. चित्रकला शिकून उपयोग काय, संस्कृत घेऊन उपयोग काय, ट्रेकला जाऊन उपयोग काय. आई फोनवर म्हणाली, "अरे, त्यापेक्षा कढीपत्ता तरी लाव." आईचं चुकत नाही, तिला मी नीट जेवतोय की नाही याची काळजी आहे. (शिवाय कढीपत्ता इथे हिवाळ्यात घराबाहेर जगत नाही. तो खिडकीत आहे, आणि आईच्या ज्ञानाच्या आधारावर जिवंत आहे.) पण माझ्याच वयाची, माझ्याच डिग्रीची माणसं जेव्हा झाडाला 'आर ओ आय' विचारतात तेव्हा मात्र माझं डोकं फिरतं.

उपयोगाचंच बोलायचं तर हेझलइतका उपयोगी प्राणी इंग्लंडात शोधून सापडणार नाही. शेकडो वर्षं इथले लोक हेझल बुंध्याशी छाटायचे. मग त्यातून सरळसोट काठ्या फुटायच्या, साधारण सात ते दहा वर्षांनी त्या पुन्हा कापायच्या. त्या काठ्यांची मेंढरांची कुंपणं व्हायची, गवती छपरं बसवायच्या खुंट्या व्हायच्या, कुडाच्या भिंती व्हायच्या. आपल्याकडच्या बांबूची इथली जागा म्हणा. म्हणजे हेझलचं काम काय, तर सरळ वाढणं.

आणि अशा देशात १८६० च्या दशकात ग्लॉस्टरशायरमधल्या फ्रॉस्टर गावाजवळ एका कुंपणात एक हेझल सापडलं, ज्याची एकही काठी सरळ नव्हती. प्रत्येक फांदी पिळलेली, पानं चुरगळलेली. कुंपण छाटणाऱ्या माणसाच्या दृष्टीने हा शुद्ध डिफेक्ट. कापा आणि जाळा. पण कोणीतरी ते जाळलं नाही. त्याची रोपं केली, वाटली. बिटनचे पाद्री हेन्री एलाकोम यांच्या बागेत ते होतं. पुढे एनफिल्डच्या मिडल्टन हाउसमध्ये ई. ए. बोल्स या माळीबुवांनी बागेचा एक कोपरा खास अशा विक्षिप्त झाडांसाठी राखला. त्या कोपऱ्याला ते 'वेड्यांचं इस्पितळ' म्हणत आणि हे पिळलेलं हेझल तिथला मानाचा रहिवासी. त्याचं शास्त्रीय नाव 'कॉन्टोर्टा'. नंतर हॅरी लॉडर नावाचा स्कॉटिश विनोदी गायक (१८७० ते १९५०) वाकडीतिकडी काठी घेऊन रंगमंचावर यायचा, म्हणून लोक त्याला 'हॅरी लॉडरची काठी' म्हणायला लागले. आज हे झाड जगभरच्या थंड प्रदेशांतल्या बागांत आहे, कारण एका माणसाने योग्य वेळी 'उपयोग काय' विचारलं नाही.

माझं झुकलेलं झाड या पिळलेल्याचं भावंड. दोघांचा गुन्हा एकच: उपयोगाच्या दिशेने वाढत नाहीत.

तरी तुम्हाला उपयोग हवाच असेल तर एक सांगतो. ज्यांनी इथला हिवाळा काढलाय त्यांना कळेल. डिसेंबरात चारच्या आत अंधार पडतो. सकाळी अंधारात हापिस, संध्याकाळी अंधारात घर. पहिल्या वर्षी मला वाटायचं आपल्याला काहीतरी झालंय, नंतर कळलं सगळ्यांनाच होतं. आणि सगळी झाडं नुसत्या काटक्या झालेली असताना, जानेवारीच्या मध्यापासून हेझलवर पिवळे तुरे लोंबायला लागतात. बोटाएवढे लांब, कानातल्या लोलकांसारखे. (इंग्रजीत यांना कॅटकिन म्हणतात.) झुकत्या फांद्यांवर तर ते झुंबरासारखे दिसतात. मादी फुल शोधायला मात्र नाक फांदीला लावावं लागतं. कळीच्या टोकाला दोन-तीन मिलिमीटरचा लालभडक झुपका, बस. हे झाड वर्षातल्या सगळ्यात वाईट आठवड्यात फुलतं. मला एवढा उपयोग पुरतो. तुम्हाला पुरत नसेल तर व्हिटॅमिन डीच्या गोळ्या आहेतच.

दुसरा प्रश्न. दहा वर्षं!

हो, दहा. हे झाड हळू वाढतं. दहा वर्षांनी दोन-अडीच मीटर उंच आणि तेवढंच रुंद होईल. उंची मुळात कलम किती उंचीवर बांधलंय त्यावर ठरते, पुढे छत्री फक्त पसरत जाते. ज्यांना 'इन्स्टंट' हवंय त्यांच्यासाठी दुकानात मोठ्या कुंडीतली मोठी झाडं असतात, दामदुप्पट भावाने. माझं मत विचाराल तर लहानच घ्या. लहान झाड नव्या मातीत लवकर रुळतं.

पण मला गंमत वाटते ती दहा वर्षं ऐकून दचकणाऱ्यांची. हेच लोक वीस वर्षांचं गृहकर्ज घेतात. तीस वर्षांची एसआयपी लावतात आणि एक्सेलमध्ये २०५५ सालचा आकडा काढून एकमेकांना दाखवतात. तेव्हा दहा वर्षं म्हणजे 'शॉर्ट टर्म' असतं. फक्त झाड म्हटलं की दहा वर्षं म्हणजे आयुष्य वाया. आजोबांनी आंबा लावला, नातवाने खाल्ला, ही गोष्ट आपण दरवर्षी एकमेकांना फॉरवर्ड करतो. फॉरवर्ड करणारे खंडीभर, आणि खड्डा खणणारा त्यात कुणीच नाही.

आता तिसरा प्रश्न, आणि हा खरा. घर तुझं नाही, देश तुझा नाही, मग झाड कशाला?

या प्रश्नाला मी हसत नाही, कारण त्यात तथ्य आहे. माझा व्हिसा कंपनीला बांधलेला आहे. नोकरी गेली तर दुसरी शोधायला साधारण ६० दिवस मिळतात. कायम राहण्याची परवानगी पाच वर्षांनी मागता येते म्हणून आम्ही आलो, आणि मे २०२५ मध्ये सरकारने श्वेतपत्रिका काढून त्या पाचाचे साधारण दहा करायचा प्रस्ताव मांडला. त्या दिवशी आमच्या ग्रुपवर जी शांतता होती ती मी विसरणार नाही. तेव्हा 'आपलं इथे काही खरं नाही' असं कोणी म्हटलं तर मी वाद घालत नाही.

वाद घालतो तो पुढच्या वाक्याशी. 'म्हणून इथे काही करायचं नाही.'

माझ्या ओळखीत एक जोडपं आहे. 'दोन वर्षांत परत जाणार' म्हणून त्यांनी पलंग घेतला नाही. सात वर्षं झाली, गादी जमिनीवरच आहे. पडदे नाहीत. पुस्तकं खोक्यात. परसात गवताऐवजी प्लास्टिकची हिरवी चटई, कारण 'मेंटेनन्स नको'. माणसं गोड आहेत, हुशार आहेत, पगार माझ्यापेक्षा जास्त आहे. पण तिशीतली सात वर्षं म्हणजे काही प्रोजेक्टचा नोटिस पीरियड नव्हे! ती जगायची वर्षं होती. परत गेल्यावर पुण्यात 'खरं' आयुष्य सुरू होणार असं त्यांना वाटतं. पुण्यात आयुष्य सुरूच आहे, फक्त त्यांच्याशिवाय.

बरं, हा रोग परदेशातच होतो असं नाही. पुण्यात भाड्याने राहणारा म्हणतो, घर आपलं नाही. स्वतःचा फ्लॅट असलेला म्हणतो, गच्ची आपली नाही, सोसायटीची. सोसायटी म्हणते, झाडाचा कचरा होतो, पेव्हर ब्लॉक टाका. शेवटी जमीन कुणाचीच नसते आणि सगळीकडे पेव्हर ब्लॉक असतात. मग पाणी जाणार कुठे? ज्या ग्लॉस्टरशायरमध्ये ते वाकडं हेझल सापडलं, तिथेच २००७ च्या उन्हाळ्यात पूर आला, पाणीपुरवठा केंद्र बुडालं आणि लाखो लोकांचे नळ कोरडे पडले. त्यानंतर १ ऑक्टोबर २००८ पासून इंग्लंडमध्ये नियम आला: घरापुढच्या बागेत पाच चौरस मीटरपेक्षा जास्त जागेवर पाणी न मुरणारी फरशी घालायची असेल आणि पाणी मुरायची सोय नसेल, तर परवानगी काढा. पुण्यात २५ सप्टेंबर २०१९ च्या रात्री आंबिल ओढ्याला आलेला पूर तुमच्यापैकी अनेकांनी पाहिलाय. माझं एक हेझल कुठलाही पूर थांबवणार नाही, तसा दावाही नाही. पण त्याच्याभोवती दीड मीटरचा उघड्या मातीचा गोल आहे. तेवढ्या जागेत पाणी मुरतं, गांडुळं असतात, आणि ती जागा आपली आहे की नाही हे त्यांना माहीत नसतं.

मालकाचं म्हणाल तर मी रीतसर ई-मेल टाकून विचारलं. एका ओळीचं उत्तर आलं: चालेल, फक्त ड्रेनेजच्या पाइपपासून लांब. आमच्या मित्रांना जो प्रश्न जन्ममृत्यूचा वाटत होता तो एका ओळीत मिटला. कुंडीत लाव म्हणजे नेता येईल, असाही सल्ला मिळाला. मोठ्या कुंडीत ते जगतं, खरं आहे. पण मला नेता येईल असं झाड नकोच होतं. नेता येतील अशा वस्तूंनी माझी तेवीस किलोची बॅग भरलेली आहे.

असो. आता ज्यांना पटलंय (असतील दोघं-तिघं) त्यांच्यासाठी कामाचं.

दुकानांवर माझा एक राग आहे. ही झाडं बहुतेक कलमी असतात आणि खाली कुठला खुंट आहे हे लेबलवर लिहिलेलं क्वचितच दिसतं. स्वस्तात साध्या हेझलच्या खुंटावर कलम बांधतात. साध्या हेझलचा स्वभाव काय, तर बुंध्यातून फुटवे काढणं. रत्नागिरीकडे ज्यांच्या हापूसच्या बागा आहेत त्यांना हे सांगायला नको: खुंटाचे फुटवे ठेवले की कलम गेलं. शेजारच्या आजोबांच्या दारात असंच एक पिळलेलं हेझल आहे. त्यांच्या पत्नी गेल्यानंतर काही वर्षं कुणी लक्ष दिलं नाही, तर आज अर्धं झाड सरळ काठ्यांचं झालंय. येणारेजाणारे म्हणतात, किती छान जोर धरलाय! जोर धरलाय तो खुंटाने, आजीबाईंनी लावलेलं झाड आत गुदमरतंय. गेल्या रविवारी आम्ही दोघांनी त्यातले बरेच फुटवे काढले.

तेव्हा घेताना विचारा: खुंट कुठला? तुर्की हेझलचा असेल तर उत्तम, त्याला फुटवे फारसे येत नाहीत. किंवा दाब कलमाचं, स्वतःच्याच मुळांवरचं 'कॉन्टोर्टा' मिळालं तर सोन्याहून पिवळं. त्याचे फुटवेही वाकडेच येतात. विक्रेत्याला उत्तर येत नसेल तर दुसऱ्या दुकानात जा. लॅपटॉप घेताना प्रोसेसर विचारतो ना आपण?

लावायची वेळ नोव्हेंबर ते मार्च, झाड झोपलेलं असताना. तेव्हा नुसत्या मुळांसकट, कुंडीशिवाय रोपं स्वस्त मिळतात. खड्डा खोल नको, रुंद हवा. मुळं जिथे सुरू होतात ती जागा जमिनीच्या पातळीला. निचरा होणारी कुठलीही माती चालते, चुन्याचीही. वर पालापाचोळ्याचं आच्छादन द्या, पण बुंध्याला चिकटवू नका. पहिले दोन उन्हाळे पाणी घाला. 'इंग्लंडात कसला उन्हाळा' म्हणू नका, १९ जुलै २०२२ ला इथे कॉनिंग्जबीला ४०.३ अंश तापमान नोंदलं गेलंय. फुटवे कोवळे असतानाच मुळापासून ओढून काढा, वरवर कापलेत तर दुप्पट येतील. आणि कृपा करून फांद्या काठीला बांधून सरळ करू नका. लोक करतात!

पुण्या-मुंबईच्या वाचकांनो, हे झाड जालावर मागवू नका. त्याला खरी थंडी लागते, ती आपल्या सपाटीवर मिळत नाही. हेझलचे भाऊबंद भारतात आहेत, पण हिमालयात. हिमाचलच्या पांगी खोऱ्यात त्याच्या बियांना ठांगी म्हणतात. तुम्ही तुमच्या मातीतलं हळू वाढणारं काहीतरी लावा. बकुळ लावा. त्या खोट्या अशोकाच्या रांगेत एक खरा सीता-अशोक लावा. सोसायटीच्या मीटिंगमध्ये भांडण होईल, कचरा होतो म्हणतील, उपयोग विचारतील. भांडा! पार्किंगसाठी भांडताच की.

मी इथे दहा वर्षं असेन की नाही, मला माहीत नाही. कदाचित पुढच्या भाडेकरूला ते झाड आवडेल, कदाचित तो पहिल्याच शनिवारी कापून प्लास्टिकची चटई अंथरेल. तो त्याचा निर्णय. माझा निर्णय मी डिसेंबरात घेतला आणि त्याच्यावर आत्ता अकरा पिवळे तुरे आहेत.

मार्च संपायला अजून वेळ आहे. समोरासमोर भांडायचं असेल तर घरी या, चहा मिळेल. येताना जुने बूट घाला, परसात चिखल आहे.